गव्हर्नरच्या बग्गीची वाट पायी चालणाऱ्यांना द्या

प्रति,
मा. कुलगुरू,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ,
गणेशखिंड, पुणे ४११ ००७

महोदय,



मुख्य इमारत आणि जयकर ग्रंथालय यांच्या मधला पट्टा मोटारी-दुचाकींना बंद करावा, तिथे पायी चालणाऱ्यांसाठी चौक करावा आणि चौकाला लागून सावलीची बाग लावावी, ही मागणी करायला हे पत्र लिहितो आहे. मागणी एका वाक्यात संपते. पण ‘सुशोभीकरण’ या नावाखाली आपल्याकडे सार्वजनिक जागांचं काय होतं ते आपण सगळेच पाहतो, म्हणून उरलेल्या पत्रात ‘असं करा’पेक्षा ‘असं करू नका’ जास्त येणार आहे. पत्र खुलं ठेवलं, कारण हे आवार एकट्या पुण्याचं नाही. नाशिक आणि अहिल्यानगरच्या मुलांचंही ते तितकंच आहे आणि त्यांचं म्हणणं सहसा कोणी विचारत नाही.

मुख्य इमारत विद्यापीठासाठी बांधलेली नव्हती, हे आपल्याला ठाऊकच आहे. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी पावसाळ्यातल्या मुक्कामासाठी १८६४ मध्ये तिचं काम काढलं. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा. काम १८७१ मध्ये पुरं झालं तोवर फ्रिअरसाहेब पद सोडून परतलेही होते. खर्च अंदाजाबाहेर गेला म्हणून त्या काळीही टीका झाली. बांधकामाचा खर्च फुगण्याची परंपरा या आवारात विद्यापीठाहून जुनी आहे, असं म्हणायला हरकत नाही. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव इथेच साजरा झाला आणि इथून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकरांनी गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली, तीही त्याच्या बग्गीवर चढून. इथे येणारा मानाचा माणूस चाकांवरून येणार, हे गृहीतच होतं. पायी येणारा एक तर नोकर, नाही तर पहारेकरी.

१९४९ मध्ये विद्यापीठ आलं, बॅरिस्टर जयकर पहिले कुलगुरू झाले आणि साहेबाचं घर मुलांचं झालं. वाटांचं गृहीतक मात्र तेच राहिलं. बग्गीच्या जागी मोटार आली, मोटारीमागून दुचाकी आली, आणि चालणारा कडेला गेला तो गेलाच. २०१४ मध्ये ज्यांचं नाव विद्यापीठाला दिलं त्या सावित्रीबाई शाळेत पायी जात. वाटेत अंगावर फेकलेला चिखल-शेण शाळेत जाऊन बदलता यावं म्हणून एक लुगडं जवळ ठेवत, ही आठवण शाळकरी मुलांनाही माहीत असते. त्यांच्या नावाच्या आवारात पायी जाणाऱ्या मुलीला पावसाळ्यात गाडीच्या चाकाचा चिखल अंगावर घ्यावा लागू नये, एवढं तरी आपण करू शकतो.

आज इथे कोण चालतं ते पाहा. वसतिगृहातून विभागाकडे जाणारी मुलं. पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली आणि डोक्यात एमपीएससीचा अभ्यासक्रम घेऊन ग्रंथालय गाठणारे. मायग्रेशनसाठी किंवा नावातली चूक दुरुस्त करून घ्यायला संगमनेर-मालेगावहून एसटीने आलेली मुलगी आणि तिच्याबरोबर आलेले वडील. ती खिडकीशी उभी असताना कागदांची पिशवी मांडीवर घेऊन हे गृहस्थ कुठे बसतात, हा प्रश्न मला चौकाच्या रचनेतला पहिला प्रश्न वाटतो. शिवाय सफाई कामगार आहेत, सुरक्षारक्षक आहेत, संध्याकाळी फिरायला येणारे औंध-पाषाणचे निवृत्त लोक आहेत. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रोमार्गाचं एक स्थानक विद्यापीठाच्या दाराशीच आहे. तिथून उतरणारा प्रत्येक माणूस पायीच आत येणार.

आता वेळ पाहा. पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तो एप्रिल-मे महिन्यांत, आणि परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत. प्रवेशाची धांदल सुरू होते तेव्हा पावसाने जोर धरलेला असतो. आवार सगळ्यांत जास्त भरतं, तेव्हाच ते चालायला सगळ्यांत वाईट असतं. म्हणून या चौकाच्या कसोट्या दोनच धराव्यात: मे महिन्यातली दुपारची एकची वेळ आणि जुलैमधली संततधार. सादरीकरणाच्या चित्रांत कायम डिसेंबरातली सकाळ असते, माणसं तुरळक आणि नीटनेटकी असतात आणि एक मूल फुगा धरून पळत असतं. ती चित्रं पाहून कृपया काही मंजूर करू नका.

निविदा काढण्याआधी एक पूर्ण सत्र त्या पट्ट्यात नुसते अडथळे लावा. रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंब आत जातील असे, गरज पडल्यास काढता येणारे. ज्यांना चालणं कठीण आहे अशा विद्यार्थ्यांची आणि कर्मचाऱ्यांची गाडी दारापर्यंत येऊ द्या. बाकी सगळ्यांची वाहनं कडेच्या तळांवर. आणि मग पाहा. पाहायला बाहेरचा सल्लागार लागत नाही, कारण अख्खं विद्यापीठ आपल्याकडे आहे. कोणत्या तासाला किती माणसं कुठून कुठे जातात हे संख्याशास्त्र विभागाच्या मुलांना मोजू द्या. भूगोलवाल्यांना गवतातून आपोआप पडलेल्या पायवाटांचा नकाशा करू द्या. माणसाला कुठून जायचं आहे हे त्या वाटांइतकं खरं कोणी सांगत नाही. पर्यावरणशास्त्र विभागाने डांबर, फरशी, माती आणि झाडाखालची जमीन यांचं तापमान दुपारी मोजावं. वनस्पतिशास्त्र विभागाने प्रत्येक झाडाची नोंद करावी: जात, घेर, मुळं कुठवर गेली आहेत, कोणत्या फांदीला पोकळी आहे. एम.एस्सी.चे चार-सहा प्रकल्प यातून सहज निघतील आणि आपल्याला फुकटात असा आधार मिळेल, जो कोणताही सल्लागार एका भेटीत देऊ शकणार नाही.

मोकळी जागा सोडली की माणसं येतात, हा समज न्यूयॉर्कने फार महागात तपासून पाहिला आहे. १९६१ मध्ये त्या शहराने नियम केला की इमारतीपुढे चौक सोडाल तर वर जादा बांधकाम करू देऊ. बांधकाम व्यावसायिकांनी चौक सोडले, मजले चढवले आणि त्यांतले बरेचसे चौक ओस पडले. ते का ओस पडले हे शोधायला १९७० च्या दशकात विल्यम व्हाइट यांनी कॅमेरे लावून माणसं न्याहाळली आणि १९८० मध्ये त्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यांना जे आढळलं ते ऐकून हसू येतं: जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात. कारंजं किंवा शिल्प असो-नसो, टेकायला जागा हवी. सुट्या खुर्च्यांची त्यांनी फार तारीफ केली आहे. माणूस बसण्याआधी खुर्ची उगाच इंचभर सरकवतो आणि त्यात ती जागा त्याची होते, हे निरीक्षण त्यांचंच. आपल्याकडे सुट्या खुर्च्या दुसऱ्या दिवशी साखळीला बांधलेल्या दिसतील, हे मला ठाऊक आहे. पण पुण्याला त्यांची उणीव भासू नये. कट्टा आपल्याकडे आहेच. तो गुडघ्याच्या उंचीचा, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस सेंटीमीटर असावा आणि इतका रुंद असावा की दोन माणसं पाठीला पाठ लावून दोन्हीकडे तोंड करून बसू शकतील. काही बाकांना पाठ आणि हात जरूर द्या. वयस्कर माणसाला बसण्यापेक्षा उठताना जास्त आधार लागतो. आणि कोणी आडवं होऊ नये म्हणून बाकाच्या मधोमध लोखंडी पट्टी ठोकायची जी पद्धत पडली आहे, ती इथे नको. रात्रभर अभ्यास करून आलेलं पोर दुपारी वडाखाली अर्धा तास झोपलं तर विद्यापीठाचं काय जातं?

दुसरी गोष्ट चौकाच्या कडांची. अहमदाबादच्या आयआयएममधला लुई कान यांच्या नावाचा चौक तसा उघडाबोडका, विटांच्या भिंतींनी वेढलेला. तरी तो चालतो, कारण ग्रंथालय, वर्ग आणि अध्यापकांच्या खोल्या त्याच्या अंगावरच आहेत; तो ओलांडल्याशिवाय दिवस पुढे सरकत नाही. दूर कशाला, आपल्याच आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी तिथे मधोमध पायऱ्यांचं कुंड केलं आणि आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे मोकळ्यात ठेवले, चौथऱ्यावर चढवून माणसांपासून दूर केले नाहीत. उष्ण प्रदेशात सकाळ-संध्याकाळ बसायची उत्तम जागा आभाळाखाली असते, हे कोरिया आयुष्यभर सांगत आले. पण ते सकाळ-संध्याकाळ म्हणाले, हे विसरू नये. दुपारी आभाळ नको, पानं हवीत.

म्हणून आता झाडांकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

या आवारातले जुने वड ही विद्यापीठाची अशी मालमत्ता आहे जी कोणत्याही अनुदानातून पुन्हा घेता येणार नाही. महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणतात. पण झाड कुऱ्हाडीने मरतं तसंच ते पेव्हर ब्लॉकनेही मरतं, फक्त हळू. बुंध्यापर्यंत ब्लॉक बसवले की पाणी आत जात नाही, हवा आत जात नाही, मुळं गुदमरतात आणि चार-पाच वर्षांनी वळवाच्या वाऱ्यात झाड आडवं झालं की आपण वाऱ्याला दोष देतो. दिल्लीत झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाका, असं राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ मध्ये सांगावं लागलं. एक मीटर ही किमान मर्यादा झाली. वडासारख्या झाडाला फांद्यांच्या पूर्ण छायेइतकी जमीन उघडी मिळायला हवी. त्या जमिनीवर मुरूम, वाळलेली पानं आणि कडेला कट्टा एवढंच असावं. पारंब्यांना जमीन गाठू द्या. साफसफाईच्या नावाखाली त्या छाटल्या की झाडाचे पुढच्या शंभर वर्षांचे खांब जातात. आणि पार बांधायचा मोह झाला तर तो सिमेंटमध्ये, बुंध्याभोवती दोन फूट भराव टाकून बांधू नका. जुन्या गावांतले पार बिनचुन्याच्या दगडांचे असत, त्यांच्या सांध्यांतून पाणी आणि हवा जायची. गणेशखिंड रस्ता रुंद होताना त्याच्या कडेची जुनी झाडं गेली, ते पुणेकरांनी डोळ्यांदेखत पाहिलं आहे. आवाराच्या भिंतीच्या आत तरी तसं व्हायला नको.

नवी झाडं लावताना फुलांवर भाळू नका. बहावा एप्रिल-मेमध्ये सोन्यासारखा लगडतो, पण त्याची सावली विरळ. पांगारा आणि काटेसावर ऐन फाल्गुनात निष्पर्ण असतात. लांबून पाहायला, पक्ष्यांसाठी, बागेच्या कडेला ते हवेतच, पण वाटेवर सावलीला त्यांचा उपयोग नाही. वाटेवर करंज लावा. मार्च-एप्रिलमध्ये तो नवी, तकतकीत पानं घेतो आणि उन्हाळा पूर्ण अंगावर घेतो. बकुळ सावकाश वाढते, पण बारमाही दाट असते आणि तिची फुलं खाली पडून कोणाच्या वाटेत येत नाहीत. कडुनिंब आणि कदंब ही आणखी दोन नावं. जांभूळ जरूर लावा, फक्त फरशीवर नाही, मातीच्या बाजूला. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष पुण्याने भरपूर लावले आणि दर वळवाला त्यांच्या फांद्या गाड्यांवर पडताना पाहिल्या. बसायच्या जागेवर ते नकोत. सीताअशोक आणि ताम्हण ग्रंथालयाच्या जवळ, जिथे पाणी घालणारा हात पोहोचतो तिथे. मोठ्या झाडांखाली सोनटक्का, अडुळसा, कर्दळ. कढीपत्ता, लिंबू आणि रुई लावली की फुलपाखरांना वेगळं आमंत्रण लागत नाही, कारण अळ्यांचं खाणं तेच.

आयुकामध्ये न्यूटनच्या सफरचंदाच्या झाडाची कलमं मोठ्या कौतुकाने लावली होती. थोडी फळंही धरली, पण इथल्या हवेत ती झाडं टिकली नाहीत. जागतिक दर्जाची बाग म्हणजे काय यावर समिती नेमायची वेळ आलीच, तर सदस्यांना आधी ही गोष्ट सांगावी.

हिरवळीबद्दल मात्र माझं मत कठोर आहे. वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने लॉन हिरवं ठेवायला पाणी ओतायचं, आणि मग त्याभोवती साखळी लावून ‘गवतावर चालू नये’ अशी पाटी ठोकायची. ज्यावर चालता येत नाही, बसता येत नाही आणि सावलीही मिळत नाही, अशा जागेला विद्यार्थ्यांची बाग का म्हणावं? एखादा तुकडा गवताचा ठेवायचा तर तो लोळायला ठेवा. तो पिवळा पडला तर पडू द्या. जूनमध्ये तो आपला आपण हिरवा होतो.

फरशीबद्दल थोडक्यात. चकचकीत ग्रॅनाइट अजिबात नको, घोटलेली शहाबादीही नको. दोन्ही पावसात घसरतात. खडबडीत टाकीचा काळा दगड इथलाच आहे आणि तो झिजला तरी वाईट दिसत नाही. पण सगळीकडे उंचसखल दगड लावून चाकाच्या खुर्चीला अडवू नका. मुख्य वाटेवर निदान १.८ मीटर रुंदीची सलग, सपाट, बिनपायरीची पट्टी हवी. रस्त्याकडेच्या पदपथालाही भारतीय रोड काँग्रेसने किमान तेवढीच रुंदी सांगितली आहे. उतार एकास बारापेक्षा तीव्र नको. दृष्टिहीनांसाठी बसवायच्या पिवळ्या फरश्या सलग असाव्यात आणि त्यांचा शेवट विजेच्या खांबात होऊ नये. हे लिहावं लागतं आहे, कारण शहरात तसं झालेलं आपण पाहतो. पावसाचं पाणी गटारात न घालता बागेतल्या खोलगट भागात वळवावं. गणेशखिंडीत वर पातळ माती आणि खाली खडक आहे, म्हणून किती पाणी मुरेल हे आधी खड्डे घेऊन तपासावं लागेल.

रात्रीचा विचार वेगळा करा. उंच खांबावरचे झगझगीत दिवे झाडांच्या माथ्यावर उजेड पाडतात आणि खाली, जिथे मुली चालतात, तिथे अंधार राहतो. दिवे फांद्यांच्या खाली, कमी उंचीवर, जमिनीकडे तोंड करून असावेत. शेजारी खगोलशास्त्रज्ञ राहतात, त्यांनाही बरं वाटेल. ग्रंथालय बंद होईपर्यंत वाट जागती हवी, म्हणजे जवळच चहा हवा, पिण्याचं पाणी हवं आणि उघडं, स्वच्छ स्वच्छतागृह हवं. कुलूप लावलेल्या स्वच्छतागृहामुळे मुली चौकात बसत नाहीत, हे कोणत्याही आराखड्यात दिसत नाही. ललित कला केंद्राच्या मुलांना आठवड्यातली एक संध्याकाळ द्या. मंच बांधू नका, दोन वीजजोड द्या.

विरोध होईल. प्राध्यापक म्हणतील, गाडी लांब लावावी लागते. खरं आहे, आणि लांबचा तळ ते विभाग ही वाट सावलीची झाली तर तक्रार निम्मी कमी होईल. कोणी म्हणेल की आधी पर्याय द्या. डिसेंबर २०१७ मध्ये भाड्याच्या सायकलींचा प्रयोग याच आवारात आणि औंधमध्ये सुरू झाला होता. मोठा गाजावाजा झाला, आणि पुढे मोडतोड नि दुर्लक्ष यांत ती योजना शहरभर मावळली. पालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. डिसेंबरात लक्ष्मी रस्ता एक दिवस वाहनांना बंद करून पादचारी दिनही साजरा होतो. दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रस्ता पुन्हा लक्ष्मी रस्ता असतो. उद्घाटन जमतं, दुसरा दिवस जमत नाही. म्हणून माझी खरी विनंती पैशांची आहे. बांधकामाच्या निविदेत तीन उन्हाळ्यांची निगा धरा: पाणी, आधाराच्या काठ्या, मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपं, आणि या चौकापुरते कायम नेमलेले माळी. दर अकरा महिन्यांनी कंत्राट बदललं की कोणत्या करंजाला वाळवी लागली होती हे नव्या माणसाला कळायला पुढचा पावसाळा उजाडतो. पैसे कमी पडत असतील तर कारंजं काढा. ते दोन वर्षांत डासांचं होतं. ‘आय लव्ह’ची रंगीत अक्षरं काढा. कमान काढा. देणगीदारांच्या नावाचे ग्रॅनाइटचे फलक काढा. माळी काढू नका.

आराखडा तयार झाला की तो संकेतस्थळावर पीडीएफ म्हणून टाकून मोकळं होऊ नका. मोठ्या कागदावर, मराठीत, जयकर ग्रंथालयाच्या दाराशी महिनाभर लावा, शेजारी दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवा आणि मुलांनी त्यावर जे खरडलं असेल ते व्यवस्थापन परिषदेसमोर जसंच्या तसं ठेवा, शुद्धलेखन न सुधारता.

आपला,
एक माजी विद्यार्थी